अडुसष्ट लाखांतले तीस हजार

गावात कुणालाही विचारा, यंदा ग्रामपंचायतीचं बजेट किती लाखांचं? जो आकडा कानावर येतो तो नमुना १ च्या तळाच्या बेरजेतला असतो. ती बेरीज खोटी नसते. पण तिच्यावरून गावाच्या हातात किती पैसा आहे हे ठरवायला गेलं की फसगत होते. मग एका बाजूने 'एवढे लाख आले, गेले कुठे?' आणि दुसऱ्या बाजूने 'तुम्ही घरपट्टी तरी भरता का?' असं भांडण पाच वर्षं चालतं. नमुना १ च्या शेजारी नमुना ९ उघडून ठेवला असता तर हेच भांडण निदान मुद्द्यावर तरी आलं असतं.

ज्यांचा या नंबरांशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. महाराष्ट्राचा ग्रामपंचायत कायदा १९५८ चा आणि लेखा संहिता २०११ ची. या संहितेने ग्रामपंचायतीचा सगळा हिशेब १ ते ३३ नमुन्यांत बसवला आहे. १ अर्थसंकल्प, ५ रोकडवही, ८ कर आकारणी, ९ कर मागणी, १० वसुलीची पावती, अशा क्रमाने ते जात जात ३३ वर झाडांच्या नोंदवहीपाशी थांबतात. चिंचा-आंब्यांचा लिलाव हेही उत्पन्नच आहे, तेव्हा झाडं मोजलेली बरी. हे सगळं लिहायचं काम ग्रामसेवकाचं. २०२४ पासून त्या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी अजून 'भाऊसाहेब'च आहे. आणि एका भाऊसाहेबाकडे दोन-तीन गावं असणं ही काही दुर्मीळ गोष्ट नाही.

आता एक गाव धरू. तीन हजार वस्ती, तीनशे नळजोडण्या, पगारावर तीन माणसं. आकडे माझेच, पण गणित कुठल्याही तालुक्यात असंच चालतं.

नमुना १ ची बेरीज ६८ लाख. पहिली ओळ आरंभीची शिल्लक, १४ लाख. पुढे कर १५ लाख, वित्त आयोग १५ लाख, जिल्हा परिषदेमार्फत येणाऱ्या योजना २० लाख, मुद्रांक शुल्काचा वाटा २ लाख, गाळेभाडं-बाजार फी-दाखल्यांची फी मिळून २ लाख. खर्चाची बाजूही तेवढीच, शेवटी थोडी अखेरची शिल्लक सोडलेली. पंचायत समितीकडे गेलेला कागद असाच गुटगुटीत दिसतो आणि तसाच परत येतो.

पहिली ओळ आधी घेऊ, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिथेच आहे. १४ लाख शिल्लक हे ऐकायला छान वाटतं. पण ते एका खात्यात नसतात. त्यातले साडेनऊ लाख वित्त आयोगाचे न झालेल्या कामांचे. दोन लाख तीस हजार वस्ती विकासाच्या योजनेचे, त्या वस्तीशिवाय दुसरीकडे लावता न येणारे. एक लाख वीस हजार ठेकेदारांच्या बिलांतून कापून ठेवलेली अनामत आणि कपाती. म्हणजे मुळात हे पैसे पंचायतीचे नव्हेतच, कुणाला तरी परत द्यायचे किंवा कुठेतरी भरायचे. उरला एक लाख, तो ग्रामनिधीचा, म्हणजे पंचायतीच्या स्वतःच्या फंडाचा. चौदा लाखांतला हाच एक लाख गाव आपल्या मनाने खर्चू शकतं.

तरतूद करताना हा फरक ज्यांनी पाळला नाही त्यांना तो जूनमध्ये कळतो. अर्थसंकल्पात गटारदुरुस्ती आहे, शिल्लकही दिसते आहे, पण ग्रामनिधीच्या पासबुकात सत्तेचाळीस हजार. मग एका खात्यातून दुसऱ्याची तात्पुरती उचल होते. 'अनुदान आलं की भरू' या बोलीवर झालेली ही उचल पुढच्या लेखापरीक्षणात आक्षेप म्हणून परत येते, कारण तोवर भाऊसाहेब बदलून गेलेले असतात आणि बोली कागदावर नसते. उपाय फार सोपा आहे. आरंभीची शिल्लक एका आकड्यात लिहायची नाही. खातेनिहाय फोड करून लिहायची, आणि प्रत्येक खात्याचा ३१ मार्चचा रोकडवही आणि पासबुक यांचा ताळमेळ जोडायचा. रोकडवहीत चेक खर्ची पडलाय पण एप्रिलमध्ये वटला. व्याज बँकेने टाकलंय पण वहीत घेतलेलं नाही. एखादं अनुदान थेट खात्यावर येऊन पडलंय आणि ते कशाचं हे सांगणारं पत्र अजून यायचंय. ताळमेळाचा कागद म्हणजे या तीन-चार प्रकारच्या नोंदींची यादी, बाकी त्यात काही नाही. व्याजाबद्दल एक लक्षात ठेवायचं: वित्त आयोगाच्या खात्यावरचं व्याज वित्त आयोगाचंच. ते ग्रामनिधीत वळवलं की आक्षेप ठरलेला.

दुसरी ओळ कराची, १५ लाख. हा आकडा येतो कुठून? नमुना ९ मधून. तिथे प्रत्येक घराच्या नावापुढे मागील बाकी, चालू मागणी आणि एकूण असे रकाने आहेत. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, सामान्य पाणीपट्टी, नळ असेल तर विशेष पाणीपट्टी. आपल्या गावाची चालू मागणी ८ लाख, मागची बाकी ७ लाख, बेरीज १५. हीच बेरीज उचलून नमुना १ च्या जमा बाजूला ठेवली जाते. याचा अर्थ, यंदा गावातलं शंभर टक्के चालू देणं तर येईलच, वर गेल्या कित्येक वर्षांची सगळी थकबाकीही येईल, असं पंचायत लिहून देते. प्रत्यक्षात गेल्या तीन वर्षांची सरासरी वसुली सात लाख. चालू आणि मागील मिळून.

असं का लिहितात? बहुतेक वेळा उद्देश वाईट नसतो. आधी खर्चाची यादी होते, कारण सदस्य वॉर्डातली कामं सांगायला बसलेले असतात, आणि मग जमा तिथवर ओढून नेली जाते. जमेच्या रकान्यात लवचिक जागा एकच, कर. वित्त आयोगाचा आकडा वरून ठरतो, योजनांचा आदेशावर. पण मागणीचा आकडा वहीत खरोखरच लिहिलेला आहे, त्यामुळे कुणी 'हा कुठून आणला' असं विचारू शकत नाही. मला विचाराल तर अंदाजाला मागणी धरायची पद्धतच बंद व्हायला हवी. गेल्या तीन वर्षांची प्रत्यक्ष वसुली घ्या, त्यात पाच-सात टक्के वाढ धरा, आणि त्याहून जास्त धरायची असेल तर ती कशी आणणार हे ठरावात लिहा.

वसुली कधी होते हेही पाहण्यासारखं आहे. आर्थिक वर्षाच्या पहिल्या सहामाहीत, ३० सप्टेंबरपर्यंत, भरणाऱ्याला ५ टक्के सूट आहे. फायदा घेणारे मोजके. खरी गर्दी दाखल्याच्या गरजेने होते. घरकुलाचा प्रस्ताव, कर्जासाठी नमुना ८ चा उतारा, घर नावावर करणं. दुसरी गर्दी निवडणुकीच्या अर्जाच्या वेळी, कारण मागणी होऊनही थकबाकी ठेवणारा अपात्र ठरू शकतो. पॅनेल ठरायच्या आठवड्यात नमुना १० ची पावती पुस्तकं भराभर संपतात. लोकशाहीचा हा लाभ पाच वर्षांतून एकदाच मिळतो. बाकी काळात मागणीचं बिल, मग रिट (मागणीचा हुकूम), मग जप्ती असा रस्ता कायद्यात आहे. शेजाऱ्याच्या दारातून टीव्ही उचलायला सरपंच धजत नाही, म्हणून प्रकरणं लोकअदालतीत ठेवली जातात आणि तिथे काही तरी तडजोडीने येतं.

आकारणीचीही एक गोष्ट आहे. डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलले आणि घरपट्टी भांडवली मूल्यावर आली. जमिनीचा वार्षिक दर, बांधकामाचा दर, घसारा आणि वापराचा भारांक यांचा गुणाकार-बेरीज करून घराचं मूल्य, आणि त्यावर दर हजारी पैशांत कर. दर चार वर्षांनी फेरआकारणी करायची. न केल्यास काय होतं ते नमुना ८ वाचताना डोळ्यांना दिसतं: 'माती-धाब्याचं घर' अशी नोंद, आणि त्या जागी आज दुमजली स्लॅब, खाली दोन गाळे. ही गळती थकबाकीत दिसत नाही, कारण ती मागणीतच आलेली नसते. ९० टक्के वसुलीची पाटी लावणारी पंचायत आठ वर्षं जुन्या आकारणीवर वसुली करत असेल तर ती पाटी फारशी कामाची नाही.

पाणीपट्टीत तर शंभर टक्के वसुली झाली तरी तोटा ठेवलेला असतो. तीनशे नळ, वर्षाला हजार रुपये, म्हणजे जास्तीत जास्त तीन लाख. पंपाचं वीजबिल, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर, मोटार रिवाइंडिंग, फुटलेली पाइपलाइन मिळून खर्च तीन लाख चाळीस हजार. दर ठरवण्याचा अधिकार पंचायतीचाच आहे. दीडशे रुपये वाढवले तर गणित जुळतं. वाढवत कुणी नाही, आणि वर्षअखेरीला वीज तोडायची नोटीस आली की सरकारने बिल माफ करावं म्हणून निवेदन जातं. २०२१ मध्ये राज्याने पथदिव्यांचं बिल वित्त आयोगाच्या अबंधित आणि पाण्याचं बिल बंधित निधीतून भरायला मुभा दिली तेव्हा सरपंचांनी तक्रार केली, की विकासाचा पैसा वीज कंपनीकडे वळवला. तक्रारीत तथ्य आहे. आणि हेही आहे, की ते बिल स्वतःच्या उत्पन्नातून भरण्याइतकी पाणीपट्टी कुणी लावलेली नव्हती.

हे बंधित-अबंधित नीट समजून घेतल्याशिवाय तिसरी ओळ वाचता येत नाही. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या काळातल्या निधीत ६० टक्के बंधित: निम्मे स्वच्छतेसाठी, निम्मे पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि पाण्याचा पुनर्वापर यांसाठी. ४० टक्के अबंधित, पण पगार आणि आस्थापनेवर तोही नाही. महाराष्ट्रात या निधीचे ८० टक्के ग्रामपंचायतीला, १०-१० टक्के पंचायत समिती आणि जिल्हा परिषदेला. तेव्हा आपल्या गावाच्या १५ लाखांपैकी ९ लाख पाणी-स्वच्छतेला बांधलेले, ६ लाख मोकळे, आणि ते मोकळेही आराखड्यात लिहिलेल्या कामालाच. पेसा कायद्याखालच्या आदिवासी क्षेत्रातल्या गावांना याखेरीज आदिवासी विकासाच्या निधीतून ५ टक्के अबंध निधी थेट येतो. तिथलं गणित थोडं वेगळं आणि ग्रामसभेचा हात जास्त वर.

आता वजाबाकी करू. खरी वसुली ७ लाख, भाडं-फी २, मुद्रांक शुल्क २, आरंभीचा ग्रामनिधी १. एकूण १२ लाख. पगार आणि भविष्य निर्वाह निधी ३ लाख ६० हजार. पाणी ३ लाख ४० हजार. दिवाबत्ती १ लाख २० हजार. कागद, शाई, प्रवास, सभा ८० हजार. उरले ३ लाख. त्यातून स्वतःच्या उत्पन्नाच्या १५ टक्के मागासवर्गीय कल्याण, १० टक्के महिला व बालकल्याण, ५ टक्के दिव्यांग. कर आणि फी मिळून ९ लाखांवर ३० टक्के, म्हणजे २ लाख ७० हजार. हातात राहिले तीस हजार रुपये. ६८ लाखांच्या बजेटातल्या या तीस हजारांत गावाने स्वतःच्या मर्जीने काही तरी करायचं असतं. एखाद्या वस्तीवरचा हातपंप मोडला की तेही गेले.

यात १५-१०-५ चा खर्च हा सोयीचा बळी ठरतो. पैसे कमी पडले की तो पुढे ढकलला जातो, आणि न केलेला खर्च माफ होत नाही, अनुशेष म्हणून साठतो. नमुना २८ मध्ये दर महिन्याला त्याचा आकडा द्यायचा असतो. अकरा महिने शून्य आणि मार्चमध्ये एकदम शिलाई मशिनं, भांडी, स्टीलची कपाटं असं दिसलं तर तो खर्च कुणाच्या गरजेतून झालेला नाही हे ओळखायला लेखापरीक्षक असावं लागत नाही.

मार्चवर थोडं थांबू. ग्रामसभेने काम सुचवलं, आराखड्यात आलं, ई-ग्रामस्वराज प्रणालीवर चढलं. चढलं नसेल तर पुढे काहीच होत नाही, त्या कामाचं प्रमाणकच (खर्चाचं व्हाउचर) तयार होत नाही. पुरवणी आराखडा करून आणावं लागतं. मग अभियंत्याचं अंदाजपत्रक, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, दहा लाखांवर असेल तर ई-निविदा, कार्यारंभ आदेश. पावसाळा मध्ये येतो. काम डिसेंबर-जानेवारीत उभं राहतं, एमबी (मोजमाप वही) लिहायला अभियंत्याला फेब्रुवारी उजाडतो, आणि बिलं मार्चमध्ये गोळा होतात. पैसे सोडायला दोन डिजिटल सह्या लागतात, एक भाऊसाहेबांची, एक सरपंचाची. सरपंच बदलला, भाऊसाहेब बदलून गेले, सहीच्या डोंगलची मुदत संपली, ठेकेदाराच्या बँकेचं विलीनीकरण होऊन आयएफएससी कोड बदलला: यातलं एक झालं तरी व्यवहार परत येतो. काम झालेलं, पैसा खात्यात, आणि तरीही 'अखर्चित' असा शिक्का. पुढच्या वर्षीच्या आरंभीच्या शिल्लकेत साडेनऊ लाख दिसतात ते असे.

बिल निघताना ज्या कपाती होतात त्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ४ लाख ८० हजारांचा काँक्रीट रस्ता असेल तर ठेकेदाराला पूर्ण रक्कम जात नाही. आयकराचा टीडीएस (बिलातूनच कापायचा कर), अडीच लाखांवरच्या कंत्राटाला जीएसटीचा २ टक्के टीडीएस, सुरक्षा अनामत, वाळू-खडीच्या वाहतुकीचे पास जोडले नसतील तर रॉयल्टी. कापणं सोपं, भरणं राहून जातं. आयकराचा टीडीएस पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत आणि जीएसटीचा १० तारखेपर्यंत भरायचा असतो. राहिला की व्याज आणि विलंब शुल्क, आणि ते द्यायला पैसा पुन्हा त्या तीस हजारांतूनच. आणि न भरलेली कपात तोवर बँकेत बसून शिल्लक फुगवते.

हिशेब दाखवण्याची बाजू कागदावर चांगली मजबूत आहे. आर्थिक वर्षातल्या पहिल्या ग्रामसभेत मागच्या वर्षाचा जमाखर्च, प्रशासन अहवाल, या वर्षीची विकासकामं आणि शेवटच्या लेखापरीक्षणाची टिपणी उत्तरांसह ठेवायची, असं कायद्याचं कलम ८ सांगतं. गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा शंभर, जे कमी असेल ते. तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही, आणि हिशेबाचे विषय बहुधा तहकूब सभेतच वाचून होतात, 'सर्वानुमते मंजूर' लिहून. ऑनलाइनही बरंच दिसतं: गावाचं नाव निवडलं की आराखडा, वित्त आयोगाची जमा, प्रत्येक प्रमाणक. पण ग्रामनिधीची पूर्ण गोष्ट तिथे कळत नाही. ती कळते रोकडवहीत आणि नमुना ९ मध्ये, म्हणजे कपाटात.

लेखापरीक्षणाचे शक, म्हणजे आक्षेपांचे परिच्छेद, वाचायला कंटाळवाणे असतात, पण त्यांच्यात कमालीचं साम्य आढळतं. प्रमाणकं सादर केली नाहीत. वसुलीची रक्कम बँकेत न भरता परस्पर खर्च केली. आकारणी नियतकालिक केली नाही. पुनर्विनियोजनाला सभेची मान्यता नाही. हा नमुना २, एका शीर्षावरून दुसऱ्यावर पैसा नेताना आधी भरायचा, आणि बहुतेक ठिकाणी खर्च झाल्यावर भरला जातो. सगळ्यात गंभीर शक दिसायला सगळ्यात किरकोळ: 'पावती पुस्तक क्रमांक अमुक तपासणीस उपलब्ध नाही.' कोरी पुस्तकं साठ्यात नोंदवून, क्रमांक टाकून शिपायाकडे द्यायची आणि संपली की स्थळप्रती परत घ्यायच्या. एक पुस्तक हरवलं म्हणजे त्यातल्या शंभर पावत्यांवर गावाने भरलेले पैसे रोकडवहीत आले की नाही, हे कधीच सिद्ध होत नाही. भरणाऱ्याकडे पावती असते, नमुना ९ मध्ये त्याची बाकी तशीच असते. वसुलीच्या नोटिशीवर 'आम्ही तर भरलेत' म्हणणारा प्रत्येक जण खोटं बोलतो असं धरू नये.

शकांचं पुढे काय होतं? अनुपालन, म्हणजे आक्षेपाचं उत्तर, पाठवायचं, पंचायत समितीने तपासायचं, वसूलपात्र रक्कम ठरली तर संबंधितांकडून घ्यायची. वर्षानुवर्षं प्रलंबित राहतात, कारण आक्षेप २०१६-१७ चा, त्या वेळचे भाऊसाहेब निवृत्त, सरपंच माजी, आणि प्रमाणकांचं बोचकं कुठल्या कपाटात ते कुणाला ठाऊक नाही. कार्यभार देता-घेता नमुन्यांची आणि पावती पुस्तकांची यादी करून सह्या घेतल्या तर यातलं बरंच टळेल. त्याला एक दिवस लागतो.

तेव्हा २६ जानेवारीच्या ग्रामसभेला जाणाऱ्याने नमुना १ ची एकूण बेरीज विचारू नये. पुढच्या वर्षाचं बजेट तेव्हा हातात घेता येण्यासारखं असतं. १ मेपर्यंत ते मंजूर होऊन खर्चालाही लागलेलं असतं. आरंभीच्या शिल्लकेची खातेनिहाय फोड मागावी. करापुढे धरलेला आकडा मागणीचा आहे की तीन वर्षांच्या वसुलीचा, ते विचारावं. शेवटची फेरआकारणी कोणत्या वर्षी झाली, आणि कापलेला टीडीएस भरल्याची चलनं आहेत का. उत्तरं मिळाली तर इतिवृत्तात लिहून घ्यावीत. नाही मिळाली तर प्रश्न लिहून घ्यावेत, आणि इतिवृत्ताची नक्कल त्याच आठवड्यात मागावी, वही दुसऱ्या गावी जायच्या आत.